टीव्ही गेमचा डबा बडोद्याच्या संग्रहालयात हवा

सयाजीबागेतलं संग्रहालय १८९४ सालचं. सेंट्रल लायब्ररी १९१० ची. महाराजा सयाजीराव विद्यापीठातला संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ चा, देशातला पहिला. जुन्या वस्तू कशा गोळा कराव्यात, कशा नोंदवाव्यात, कशा टिकवाव्यात हे शिकवणारी आणि करणारी इतकी मोठी सोय जवळजवळ असलेली शहरं आपल्याकडे फार नाहीत. म्हणून मागणी बडोद्याकडे आहे. या तीन संस्थांपैकी एकीने तरी १९९० च्या दशकात आपल्या घरांत आलेले टीव्ही गेम, त्यांच्या कॅसेटी आणि ते ज्यांवर चालत ते जाड काचेचे टीव्ही सार्वजनिक संग्रहासाठी जमवायला सुरुवात करावी. पुढच्या पिढीने करावं म्हणून ठेवायचं हे काम नाही. पुढच्या पिढीच्या हाती तेव्हा काही उरलेलं नसेल.

मी अमेरिकी किंवा जपानी मूळ यंत्रांविषयी बोलत नाही. ती सुरक्षित आहेत. राल्फ बेअर यांनी १९६० च्या दशकात न्यू हॅम्पशरमधल्या सँडर्स कंपनीत बनवलेली ‘ब्राऊन बॉक्स’ ही पेटी त्यांनी स्वतः २००६ साली स्मिथसोनियन संग्रहालयाला दिली. अमेरिकेतल्या रॉचेस्टरला खेळांचं मोठं संग्रहालय आहे, बर्लिनमध्ये १९९७ पासून संगणक खेळांचं संग्रहालय आहे, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. निन्टेंडोनेही २०२४ साली क्योतोजवळच्या उजीमध्ये स्वतःचं संग्रहालय उघडलं. दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्यात, माळ्यावरच्या खोक्यात पडलेल्या लिटल मास्टर, समुराई किंवा मिताशीच्या गेम-इन अशा आपल्याकडच्या डब्यांसाठी मात्र जगात कुणी जागा राखून ठेवणार नाही. ती आपणच राखायची आहे.

ही यंत्रं आपल्याकडे का आली आणि इतकी स्वस्त का मिळाली, याचा इतिहास विलक्षण आहे. तो माहीत नसल्यामुळे आपण त्यांना ‘चायनाचा माल’ म्हणून मोकळे होतो.

घरच्या टीव्हीवर खेळायचं पहिलं विकाऊ यंत्र म्हणजे बेअर यांच्या कल्पनेतून आलेलं मॅग्नावॉक्स कंपनीचं ओडिसी, साल १९७२. त्यात प्रोसेसर नव्हता, आवाज नव्हता, स्मृती नव्हती. पडद्यावर पांढरे चौकोनी ठिपके आणि एक उभी रेघ, बस. मैदान, जंगल, झपाटलेलं घर हे सगळं पारदर्शक प्लॅस्टिकच्या रंगीत कागदावर छापलेलं असे आणि तो कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा. गुण कागदावर पेन्सिलीने मांडायचे. खोक्यात फासे होते, पत्ते होते, खोट्या नोटा होत्या. म्हणजे घरातला बैठा खेळ नुकताच टीव्हीला टेकला होता, अजून त्याच्या आत शिरला नव्हता. त्याच वर्षी अटारीने दुकानांत ठेवायचं ‘पाँग’ आणलं. अटारीचे संस्थापक नोलन बुशनेल यांनी त्याआधी ओडिसीचं प्रात्यक्षिक पाहिलं होतं. मॅग्नावॉक्सने खटला भरला आणि १९७६ साली अटारीने परवाना घेऊन तो मिटवला. त्याच १९७६ मध्ये जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीने पाँगसारखे अनेक खेळ एकाच चिपमध्ये बसवून ती चिप बाजारात विकायला ठेवली. ज्याच्याकडे प्लॅस्टिकचं खोकं आणि दोन गोल बटणं, तो व्हिडिओ गेमचा कारखानदार झाला. जगभर शेकडो नावांनी तेच यंत्र विकलं गेलं.

त्याच वर्षी फेअरचाइल्डच्या ‘चॅनल एफ’मध्ये, जेरी लॉसन यांच्या नेतृत्वाखाली, काढता-घालता येणारी कॅसेट आली आणि यंत्र वेगळं, खेळ वेगळा झाला. १९७७ चं अटारी २६०० त्याच वाटेवरचं. त्याची कामचलाऊ स्मृती होती १२८ बाइट. हा परिच्छेदसुद्धा तिच्यात मावणार नाही. पडद्यावरचं पूर्ण चित्र साठवायला जागाच नसल्यामुळे टीव्हीतला इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर एकेक ओळ ओढत असताना, त्याच क्षणी, पुढच्या ओळीत काय दिसेल ते प्रोग्रामरला यंत्राकडून ठरवून घ्यावं लागे. झोत थांबत नाही, त्यामुळे विचार करायला वेळही नाही. यंत्राच्या गरिबीतून निर्माण झालेलं हे कसब मला कुठल्याही शास्त्रीय कलेइतकं आदराचं वाटतं.

१९८३ मध्ये अमेरिकेतला हा धंदा कोसळला. त्याच वर्षी १५ जुलैला जपानमध्ये निन्टेंडोचा फॅमिकॉम आला. मासायुकी उएमुरा यांनी बनवलेलं हे यंत्र त्या काळच्या लोकप्रिय ६५०२ जातीच्या प्रोसेसरवर चालत होतं आणि चित्र रेखाटण्यासाठी त्यात स्वतंत्र चिप होती. आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं हे की, कॅसेट अस्सल आहे का हे तपासणारी काहीही सोय त्यात नव्हती. ते कुलूप निन्टेंडोने १९८५ च्या अमेरिकी आवृत्तीत घातलं, पण आशियाभर पसरला तो जपानी साचा, साठ पायांच्या कॅसेटचा. तैवानमधल्या यूएमसी कंपनीने या दोन्ही मुख्य चिपांच्या बरहुकूम चिपा तयार केल्या आणि पुढे सगळं यंत्र काळ्या राळेच्या एका थेंबाखाली मावू लागलं. रशियात ते डेंडी नावाने गेलं, तैवानात मायक्रो जीनियस, आणि आपल्याकडे वेगवेगळ्या नावांनी, रंगीबेरंगी खोक्यांतून.

आपल्याकडे जमीन तयार होतीच. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, पुढच्या दहा वर्षांत मध्यमवर्गाच्या बैठकीत टीव्ही आला, आणि १९९१ नंतर बाहेरचा माल हळूहळू मिळू लागला. संगणक मात्र अजून बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर होता. म्हणून लाखो मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘मी बटण दाबलं आणि पडद्यावरचं काहीतरी हललं’ हा अनुभव घेतला तो याच डब्यावर. तोपर्यंत टीव्ही फक्त सांगत होता आणि आपण ऐकत होतो. हा बदल लहान नव्हे. ज्या यंत्राने तो घडवला त्याची माझ्या माहितीतल्या एकाही सार्वजनिक संग्रहात नोंद नसणं मला खरोखर अस्वस्थ करतं.

आमच्या वाड्यात एका घरी असा डबा आला की वाड्यातल्या सगळ्या मुलांचा तो होई. सुट्टीत दुपारी बाया झोपल्या की पहिला नंबर कुणाचा, एक जीव गेला की रिमोट कुणाच्या हाती द्यायचा, हे कायदे मुलांनी स्वतः केले होते. काँट्रा या खेळात तीस जीव मिळवायला कुठली बटणं कुठल्या क्रमाने दाबायची हे ज्ञान छापील कुठेच नव्हतं. ते सुरतेच्या मामेभावाकडून, इंदूरच्या आतेभावाकडून सुट्टीबरोबर प्रवास करत येई. मोठ्यांची एकच ओरड असे: पिक्चर ट्यूब जाईल. ती भीती अगदीच निराधार नव्हती. तेच चित्र फार वेळ स्थिर राहिलं तर काचेमागच्या लेपावर त्याचा डाग पडतो, आणि अटारी २६०० च्या अनेक खेळांत याच कारणाने बराच वेळ कुणी खेळलं नाही की रंग आपोआप पालटत राहण्याची सोय केलेली होती. वाड्यातल्या आज्यांचं म्हणणं अभियंत्यांनाही पटलेलं होतं.

आता कुणी विचारेल, हे खेळ मोबाइलवर, संगणकावर फुकट मिळतात, मग डबा कशाला जपायचा? नकलयंत्रांच्या, म्हणजे एम्युलेटरच्या मी विरोधात नाही. ते लिहिणाऱ्या लोकांनी कुठल्याही सरकारपेक्षा जास्त जतन केलं आहे. पण दोन गोष्टी पाहा. जपान-अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवी, आपला पॅल पद्धतीचा टीव्ही ५०. या खेळांचं बरंचसं संगीत आणि हालचाल चित्रामागे एक पाऊल अशी चाले. त्यामुळे पॅलसाठी बनवलेल्या डब्यावर साठचा खेळ लावला की तो सुमारे सहाव्या हिश्श्याने संथ होई. सूर जवळपास तोच, लय मात्र उतरलेली. आपल्याकडच्या असंख्य मुलांच्या कानात मारिओची जी चाल बसली आहे ती मूळ चाल नाहीच, ती विलंबित आहे. क्योतोजवळच्या संग्रहालयात ती ऐकू येणार नाही. साठ चित्रांवर बेतलेल्या मोबाइल-ॲपमध्येही येणार नाही.

दुसरी गोष्ट बंदुकीची. बदकं मारायच्या खेळात चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदूक काहीच सोडत नाही, ती बघते. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. त्याला त्या ठरावीक क्षणी पांढरा दिसला तर बदक पडलं. हा सगळा व्यवहार इलेक्ट्रॉनच्या झोताच्या वेळापत्रकावर चालतो आणि बंदुकीतलं सर्किटही त्या झोताच्या लकाकीलाच प्रतिसाद देईल असं जुळवलेलं असतं. सपाट एलसीडी टीव्हीवर चित्र थोडं उशिरा आणि निराळ्या पद्धतीने उमटतं, म्हणून तिथे बदक कधीच पडत नाही. जुना टीव्ही गेला की बंदूक आंधळी होते. म्हणजे जपायचा आहे तो फक्त खेळ नाही. डबा, दोरी, बंदूक आणि टीव्ही मिळून एकच वस्तू आहे. तिच्यातला सगळ्यात दुर्मीळ होत चाललेला भाग आज टीव्ही आहे, कारण तो सर्वांत मोठा आणि सर्वांना नकोसा आहे.

नकोशा वस्तूंचं काय होतं तेही बघू. १९८३ साली अटारीने न खपलेल्या कॅसेटींचे ट्रकच्या ट्रक न्यू मेक्सिकोमधल्या अलामोगोर्डो इथे कचऱ्याच्या खड्ड्यात पुरले. २०१४ मध्ये तो खड्डा उकरला, तेराशेच्या आसपास कॅसेटी वर काढल्या आणि त्यांतली एक स्मिथसोनियनमध्ये जाऊन बसली. एकतीस वर्षांत कचऱ्याचा वारसा झाला. आपल्याकडे हे घडू शकत नाही, कारण आपल्याकडे काही पुरलं जात नाही. भंगारवाला डबा घेतो, प्लॅस्टिक वेगळं होतं, तांबं वेगळं होतं, आतली सर्किटची पाटी भट्टीत जाते. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत व्हिडिओ गेमही आले आहेत आणि ते योग्यच आहे, विषारी धातू नदीत जाऊ नयेत. पण शिस्तीने केलेला पुनर्वापर म्हणजे शिस्तीने पुसलेला पुरावासुद्धा, जर त्याआधी कुणी निवड करून चार वस्तू बाजूला काढल्या नसतील तर.

हे आपण एकदा भोगलं आहे. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा आणि पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ ला. मध्ये तेहतीस वर्षं. आज ‘आलम आरा’ची एकही प्रत जगात उपलब्ध नाही. त्या तेहतीस वर्षांत सिनेमाला कुणी वारसा मानत नव्हतं, तो करमणुकीचा माल होता. आज नव्वदच्या दशकातल्या डब्यांना तितकीच वर्षं होत आली आहेत. कायद्याकडे बघून बसायचं म्हटलं तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू व्हायला साधारण शंभर वर्षं लागतात. फॅमिकॉमची शंभरी २०८३ साली भरेल.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही: हे बहुतेक डबे नकली होते, कॅसेटींत चोरीचे खेळ होते, सार्वजनिक पैशाने चोरीचा गौरव करायचा का? कष्टाने खेळ बनवणाऱ्याला त्याचं मोल मिळालं पाहिजे याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण संग्रहालयाचं काम शाबासकी देणं नाही, काय घडलं त्याचा पुरावा ठेवणं आहे. आणि ओडिसीपासून पाँग, पाँगपासून एका चिपवरची शेकडो यंत्रं, हा क्रम बघितला तर नक्कल या इतिहासाच्या कडेला नाही, मध्यभागी आहे.

इथे बडोद्याला एक आठवण करून द्यावीशी वाटते. याच शहरातल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार केली. १९६० ते १९७५ या काळात तिचे खंड प्रसिद्ध झाले. ती कशी झाली? मूळ प्रत कुणाकडेच नव्हती. होत्या त्या नकला, देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या. नकलणाऱ्याने कुठे ओळ गाळलेली, कुठे आपल्याकडची घातलेली. पंडितांनी त्या ओळीओळीने ताडून पाहिल्या आणि त्या फरकांतूनच पाठाचा प्रवास शोधला. ग्रंथाची आणि खेळाची तुलना मला करायची नाही, पण पद्धत तीच लागू पडते. ‘९९९९ खेळ एकात’ असं लिहिलेल्या कॅसेटीत प्रत्यक्षात मोजकेच खेळ असत. तोच खेळ चौथ्या पातळीपासून सुरू केलेला, नायकाचा रंग बदललेला, बनवणाऱ्याचं नाव पुसलेलं, शीर्षक भलतंच. कुणी, कुठे, का बदललं? अशा शंभर कॅसेटी एका टेबलावर आल्या आणि त्यांतला मजकूर बाइटीने बाइट ताडला तर तैवान-चीनपासून आपल्या बाजारापर्यंतची व्यापाराची वाट उलगडू शकते. नकलांचा आदरपूर्वक अभ्यास कसा करायचा हे ज्या शहराने जगाला दाखवलं त्याने नकलांना तुच्छ लेखू नये.

कायद्याची अडचण मात्र खरी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक, बिगरनफा ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत साठवण्याची मुभा मिळाली. अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची बिगरडिजिटल प्रत आधीपासून असली पाहिजे. पुस्तकासाठी हे चोख आहे. खेळाची कॅसेट मुळातच डिजिटल आहे, तिला बिगरडिजिटल प्रत असूच शकत नाही. त्याच कलमात संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत करता येते, पण नकली कॅसेट ‘कायदेशीरपणे बाळगलेली’ ठरेल का, हा वाद उभा राहील आणि कुठलाही ग्रंथपाल त्या वादात स्वतःहून उतरणार नाही. प्रोग्रामवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. तोवर कॅसेटमधल्या चिपा बोलत्या राहतील याची हमी कुणी देऊ शकत नाही. दुरुस्ती छोटीशी हवी: ग्रंथालयं, संग्रहालयं आणि अभिलेखागारांना जतनासाठी, आणि आवारात अभ्यासासाठी, डिजिटल वस्तूचीही प्रत करता यावी. विक्री नाही, घरबसल्या वाटप नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये झालेल्या एका पाहणीत तिथल्या २०१० पूर्वीच्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळत नसल्याचं दिसलं, आणि तरीही पुढच्या वर्षी तिथल्या प्रताधिकार कार्यालयाने संशोधकांना दुरून ते खेळ पाहू देण्याची सवलत नाकारली. त्यांनी घातलेला घोळ आपण गिरवायची गरज नाही.

बडोद्याच्या ग्रंथालय खात्याला तरी यात परकं वाटायला नको. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून जी व्यवस्था उभी केली ती पुस्तकांवर थांबली नव्हती. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत होत्याच, पण वाचता न येणाऱ्यांसाठी दृश्यशिक्षणाची स्वतंत्र शाखा होती, जी खेड्यांत चित्रं आणि सिनेमा दाखवी. त्या काळात सिनेमा म्हणजे तमाशा मानला जात असताना ग्रंथालयाने तो आपल्या कामात घेतला. मी मागतो आहे ते त्याहून कमी धाडसाचं आहे.

इमारत नको, उद्घाटन नको. एक कोरडी खोली, दोन संच. एक संच जसा मिळाला तसा, न उघडता, खोकं, थर्माकोल, मिळालं तर दुकानाचं बिल, वॉरंटी कार्ड यांसह. दुसरा चालता, ज्यात फुगलेले कपॅसिटर बदललेले आहेत, ज्यावर मुलांनी बसून खेळायचं. बंद पडलेले डबेही घ्यायला हवेत, कारण उघडी पाटी पुष्कळ सांगते. जाड काचेचे चार-सहा रंगीत टीव्ही, आणि त्यांच्या सुट्या भागांसाठी आणखी तितकेच. संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हाच प्रकल्प मिळाला तर त्यांना प्लॅस्टिक पिवळं का पडतं, चिप किती वर्षं टिकते, दोरीचं रबर चिकट का होतं हे प्रश्न सोडवावे लागतील, आणि उद्याच्या प्रत्येक संग्रहालयाला ते सोडवावे लागणारच आहेत.

आणि माणसं. रावपुऱ्यात, मंगळबाजारात, जुन्या शहराच्या गल्ल्यांत ज्यांनी हे डबे दुरुस्त केले, कॅसेटी भाड्याने दिल्या, तासावर खेळायला बसवलं, ते आता साठीच्या पुढे आहेत. कुठल्या भागाऐवजी कुठला भाग चालतो, अ‍ॅडॉप्टरचं टोक उलटं लावलं की काय जळतं, माल कुठल्या शहरातून येई, पावती मिळे की नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात आणि हातात आहे. त्यांच्या मुलाखती आधी घ्या, डबे नंतर गोळा करा. डबा माळ्यावर अजून दहा वर्षं पडून राहू शकेल. आवाहन मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत काढा, आणि ते नवरात्रानंतर लगेच निघालं पाहिजे, कारण दिवाळीच्या साफसफाईत माळे रिकामे होतात आणि पहिली हाक भंगारवाल्याची असते.